स्वतःहून उतरले

९ मार्च २००२

ही डायरी ह्यांची. कंपनी दर जानेवारीत प्रत्येक कामगाराला एक देते. ह्यांनी पहिल्या पानावर नाव घातलं, गोटीराम शेजवळ, प्लेटिंग विभाग, आणि कपाटावर टाकून दिली. लिहायचं काय, म्हणायचे. आता मी लिहिते आहे. नवी वही आणायला चौकात जावं लागतं, आणि चौकात गेलं की बायका थांबवून रडतात. मग मलाच त्यांना समजवावं लागतं.

प्रत्येक पानाच्या तळाशी हिरव्या अक्षरात एक ओळ छापली आहे : ‘पर्यावरणरक्षण हेच आमचे ध्येय.’ रविवारच्या पानावरसुद्धा. मी तिच्यावरूनच लिहिते आहे. जागा वाया का घालवायची?

झालं ते एकदा लिहून ठेवते. फेब्रुवारीत हे कंपनीच्या घाण पाण्याच्या टाकीत उतरले आणि गॅसने गुदमरून गेले. टाकी जमिनीखाली आहे. कंपनीत लोखंडी भागांना मुलामा देतात, त्याचं पाणी त्या टाकीत शुद्ध करून मग बाहेर सोडायचं असतं. शुद्ध कोण करतंय! पावसाळ्यात नासर्डी नदीला कसला फेस येतो ते अख्ख्या सिडकोला माहीत आहे. पण यंदा परदेशी पाहुणे येणार, टाकी बघणार, मग पर्यावरणाचं सर्टिफिकेट मिळणार. आदल्या आठवड्यात जेवताना हे म्हणाले होते, "किती वर्षांचा गाळ आहे कोण जाणे. आता काढायचा म्हणतात."

आज कंपनीतून अंजली मॅडम आल्या. पर्सोनेलमध्ये आहेत. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. चप्पल बाहेर काढून आल्या, सतरंजीवर बसल्या. सासूबाई चांदवडहून आलेल्या आहेत, त्या भिंतीला टेकून होत्या.

"काकू, काका माणूस म्हणून कसे होते हो?" मॅडमनी विचारलं.

"धीराचे होते," मी म्हटलं. "कामाला कुणाच्या सांगण्याची वाट बघत नसत. स्वतः पुढे व्हायचे."

"वाघ व्हता माझा, वाघ," सासूबाई म्हणाल्या.

मॅडमनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. बरं वाटलं.

खरं इथे लिहायला हरकत नाही. हे भित्रे होते. पालीला भ्यायचे, अंधाराला भ्यायचे, सुपरवायझरला तर इतके, की विचारल्याशिवाय पाणी प्यायला जायचे नाहीत. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला याची लाज वाटली, नंतर सवय झाली, आणि त्याच्याही नंतर काय वाटायचं त्याला माझ्याकडे शब्द नाही. पण दारात विचारायला आलेल्या माणसाला काय सांगणार, माझा नवरा पालीला भ्यायचा? माझा चुलता पिऊन गटारात पडायचा, त्यालाही तेराव्याला सगळे देवमाणूस म्हणाले. मढ्यावर नवं कापड घालतात, तसंच ते. कुणाचं काय जातं?

१७ मार्च

मल्हारीभावजी आले. ह्यांच्याच पाळीत आहेत, बारा वर्षं एकत्र डबा खाल्ला. मखमलाबादला त्यांचा भाजीचा मळा आहे. गवारीची पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि तिथेच उभे राहिले.

"आत या की."

"नको वहिनी. घाईत हाय."

रविवारी कसली घाई? दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या. विचारलं तर म्हणाले, पत्र्यानं कापलं. दोन्ही हात एकदम कापणारा कसला पत्रा! माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. विधवेच्या घरात पाऊल टाकायला माणसं बिचकतात हे ऐकून होते, भावजी त्यातले असतील असं वाटलं नव्हतं. राग आला. गवार मात्र कोवळी होती.

२६ मार्च

मॅडम पुस्तकं घेऊन आल्या. मी चौथीपर्यंत शिकले, बाकी सगळं वाचनालयाच्या जिवावर, हे त्यांना मागच्या खेपेला सांगितलं होतं. त्यांनी लक्षात ठेवलं. एक प्रवासवर्णन आहे बर्फाच्या देशाचं आणि एक जाड कादंबरी. साडीला फॉल लावता लावता मी दोन पानं वाचली आणि सुई बोटात घुसली.

त्या विचारतात आणि मी बोलते. इतकं माझं कुणी ऐकलं नव्हतं. त्या मांडीवर पॅड ठेवून लिहीत असतात.

"काकांना नदीबद्दल काही वाटायचं का?"

मी आठवून सांगितलं, की आमचा महेश लहान असताना त्याने रामकुंडावर पिशवी पाण्यात टाकली, तेव्हा हे किती ओरडले होते. मॅडमनी ते लगेच लिहून घेतलं. पिशवीत ह्यांच्या नव्या चपला होत्या हे मी सांगितलं नाही.

मग त्यांनीच विचारलं, "काकू, तुम्ही एवढं वाचता, ‘सस्टेनेबल’ला मराठी शब्द सुचवा. कंपनीच्या ध्येयाचा बोर्ड करतोय आम्ही."

"म्हणजे काय ते आधी सांगा."

"म्हणजे निसर्गातलं असं वापरायचं, की पुढच्या पिढ्यांनाही उरेल."

"पुरवून वापरणं," मी म्हटलं.

त्या हसल्या. "अहो, ते बोर्डावर बरं नाही दिसणार. साहेबांनी ‘शाश्वत’ काढलाय."

शाश्वत म्हणजे जे कधी मरत नाही ते. असू दे. तेल पुरवून वापरायला शिकले त्यासाठी मला कुणी सर्टिफिकेट दिलं नाही, आणि बोर्डही नाही.

१३ एप्रिल

पाडवा. आमच्याकडे यंदा गुढी नाही. शेजारच्या सगळ्या गच्च्यांवर होत्या. दार लावून घेतलं.

दुपारी महेश धावत आला. आयटीआय होऊन वर्ष झालं, पोरगा एकोणिसाव्या वर्षी घरात बसून आहे. "आई, कंपनी मला घेणार! फिटरच्या जागेवर. मॅडम म्हणाल्या, गोटीरामकाकांच्या मुलाला आम्ही विसरणार नाही." त्याचं तोंड किती दिवसांनी उजळलं. मग हळूच म्हणाला, "माझे बाबा असे आहेत हे मला माहीतच नव्हतं. सगळे म्हणतात, मागे बघितलं नाही, सरळ उतरले."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. मॅडम, साहेब."

 मुलाला बापाचा अभिमान वाटतोय, त्यात मी कशाला काडी घालू?

संध्याकाळी मल्हारीभावजी मेथी घेऊन आले, पुन्हा उंबऱ्यापर्यंतच. जाताना म्हणाले, "वहिनी, त्या बाईशी लय बोलत जाऊ नका."

"का? मी कुणाशी बोलायचं ते आता तुम्ही ठरवणार?"

"तसं नाय..."

"मग कसं?"

ते गेले. मेथी मी शेजारी देऊन टाकली.

२ मे

मॅडम आज एक पुस्तिका घेऊन आल्या. गुळगुळीत कागद, हिरवं मुखपृष्ठ, एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी. मधल्या पानावर हे. मला आधी ओळखूच आले नाहीत. ओळखपत्रावरचा फोटो घेऊन कॉम्प्युटरने डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं आहे. ह्यांनी हयातीत हेल्मेट घातलं नाही, कारण कुणी दिलं नाही. मेल्यावर मिळालं.

खाली लिहिलं आहे :

‘पर्यावरणवीर कै. गोटीराम शेजवळ. कामाला ते कुणाच्या सांगण्याची वाट बघत नसत. नासर्डीत घाणीचा थेंबही जाऊ नये या ध्यासाने ते स्वतःहून टाकीत उतरले आणि निसर्गासाठी त्यांनी प्राण वेचले.’

पहिलं वाक्य माझं. माझं वाक्य छापून आलं आहे! खोटं कशाला बोलू, क्षणभर अंगावर काटा आला. आजवर लोकांची वाक्यं वाचली. सासूबाईंना तीनदा वाचून दाखवलं. त्यांनी पुस्तिका देवांजवळ ठेवली.

मग भांडी घासताना दुसरं वाक्य आठवलं. स्वतःहून उतरले. हे तर मी म्हटलं नव्हतं. मी स्वतः पुढे व्हायचे म्हटलं होतं. त्यांनी त्याला टाकी जोडली.

नासर्डीचा ध्यास! वीस वर्षांत ह्यांच्या तोंडून नासर्डीबद्दल एकच गोष्ट ऐकली : "खिडकी लाव, वास येतोय."

९ मे

आज कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात चौकशी होती. मी, महेश, कंपनीचे मॅनेजर साहेब, अंजली मॅडम. मॅडम माझ्याकडे न बघता कागद लावत होत्या.

निरीक्षक माणूस वाईट नव्हता. पंखा माझ्याकडे फिरवला. म्हणाला, "बाई, कंपनीचं म्हणणं आहे की कुणी त्यांना आत पाठवलं नाही. त्या दिवशी तसं काम दिलेलंच नव्हतं. ते आपण होऊन उतरले. तुम्हाला काय वाटतं?"

"त्यांना पाठवल्याशिवाय ते उतरणार नाहीत."

"पण तुम्हीच मॅडमना सांगितलंत, की ते कुणाच्या सांगण्याची वाट बघत नसत. स्वतः पुढे व्हायचे. बोललात ना?"

"बोलले."

"एकदा नाही, तीन-चार वेळा बोललात. तुमच्या सासूबाईंसमोर. मग कंपनीची चूक कुठे आली?"

 म्हणायचं होतं, अहो साहेब, ते दुखवट्याचं बोलणं होतं, तुमच्याही घरात तसंच बोलतात. शेजारी महेश बसला होता. इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ ताठ करून, वीराच्या मुलाने बसावं तसा.

"ते तसे..." मी सुरुवात केली.

"काय तसे?"

"तसे भिऊन असायचे."

मॅनेजर साहेब हसले. अगदी हळू, सभ्यपणे. "निवेदन बदलतंय बघा," ते निरीक्षकांना म्हणाले. महेशने माझ्या हातावर हात ठेवून दाबला, दुखेल इतका. "आई, बास." 

मल्हारीभावजींनाही बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं, "मी त्या वेळी चहाला गेलो व्हतो." भावजींना चहाने पित्त होतं, बारा वर्षांत माझ्याकडे कधी घोटभर घेतला नाही. आता कंपनीत पीत असतील. माणसं बदलतात.

बाहेर आल्यावर महेश रस्त्यातच बोलला. "लोक बाबांच्या पाया पडायला निघालेत आणि तू त्यांना भित्रा म्हणतेस? सरकारी माणसापुढे?"

"होते ते भित्रे."

"पुरे ना, आई!"

रिक्षात आम्ही दोन टोकांना बसलो.

मला आता काय हवंय ते स्वतःशी नीट लिहून ठेवते, नाहीतर लोक माझ्या तोंडी दुसरंच घालतील. ह्यांना खाली पाठवलं, एवढं कुणीतरी मोठ्याने म्हणावं. पाहुण्यांना टाकी दाखवायची घाई होती, म्हणून एका भित्र्या माणसाला गॅस न तपासता आत सोडलं, एवढं. बाकी हिरवा कागद त्यांना लखलाभ.

आणि ते म्हणवून घ्यायचं, तर आधी मला म्हणावं लागेल की तो वाघ नव्हता. त्याच्या आईसमोर. त्याच्या मुलासमोर.

११ मे

बर्फाच्या देशाचं पुस्तक वाचवत नाही. पान उघडलं की हेल्मेट दिसतं.

२० मे

मॅडम आल्या. मी पाणी दिलं, बोलले नाही. त्यांनी चौकशीचा विषय काढला नाही, मीही नाही. म्हणाल्या, "काकू, पाच जूनला पर्यावरण दिन. परदेशी पाहुणे त्याच दिवशी येताहेत. गेटपाशी बोर्डाचं उद्घाटन आहे. ध्येयाचं वाचन तुमच्या हस्ते... म्हणजे तुमच्या तोंडून व्हावं, अशी साहेबांची इच्छा आहे. तुमचं वाचन किती स्वच्छ आहे."

"आणि नाही वाचलं तर?"

त्यांनी पेला खाली ठेवला. मग खाली बघत म्हणाल्या, "महेशची ऑर्डर सहा तारखेला निघणार आहे."

धमकी इतक्या मऊ आवाजात मी पहिल्यांदाच ऐकली. त्या मुलीलाही ती जड जात असावी, कारण पाणी अर्धंच पिऊन उठल्या.

महेश घरातच होता. "वाचेल आई," तो आतूनच म्हणाला.

"मी अजून हो म्हटलेलं नाही."

"मग म्हण ना! चार ओळी वाचायच्यात. दिवसभर वाचतच असतेस."

पीठ मळताना त्याला विचारलं, "तुझ्या बापाला टाकीत कोणी उतरवलं असेल?"

"कोणी म्हणजे? स्वतः उतरले. सगळ्यांना माहितीये."

परातीत इतका जोर काढला, की पोळ्या चिवट झाल्या. आम्ही दोघांनी त्या निमूट खाल्ल्या. हो म्हणून निरोप धाडला.

५ जून

सकाळी कंपनीची जीप आली. मधे गावी गेलेल्या सासूबाई कालच चांदवडहून परत आल्या होत्या, नवं लुगडं नेसून, मुलाचा सत्कार बघायला. महेश पुढे बसला.

गेटसमोर मांडव. नाशिकच्या झेंडूच्या इतक्या माळा, की दसरा वाटावा. रात्रीतून कुठूनतरी कुंड्या आणून रस्त्याच्या कडेला लावल्या होत्या, काहींच्या तळाशी रोपवाटिकेच्या चिठ्ठ्या तशाच होत्या. सगळ्या पाळ्यांचे कामगार उन्हात बसवले होते, नवे हिरवे टी-शर्ट घालून. मल्हारीभावजी शेवटच्या रांगेत होते. तीन परदेशी पाहुणे सावलीतल्या खुर्च्यांवर, घामाने लाल. मॅनेजर साहेब त्यांना इंग्रजीत काही सांगत होते आणि माझ्याकडे हात करत होते. ते तिघे मला बघून हात जोडून वाकले. बिचारे. त्यांना काय माहीत?

बोर्डावरचा पडदा ओढला. दगडी बोर्ड, सोनेरी अक्षरं. साहेबांनी माइक माझ्या हातात दिला. मी वाचलं. स्वच्छ वाचलं :

"आम्ही जमीन, पाणी आणि हवा यांचे विश्वस्त आहोत. येणाऱ्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता शाश्वत विकास साधणे हे आमचे ध्येय आहे. या ध्येयासाठी स्वतःहून प्राण वेचणारे पर्यावरणवीर कै. गोटीराम शेजवळ यांच्या स्मृतीस अर्पण."

टाळ्या झाल्या. इथे थांबायचं ठरलं होतं. मीही तेच ठरवलं होतं, महेशची शपथ. पण शेवटची ओळ माझ्याच आवाजात माइकमधून माझ्यावर परत आली. स्वतःहून. ते नाव घेऊन मी हे खोटं बोलले होते. लग्नात उखाण्यात घेतलं होतं ते नाव, त्यानंतर चारचौघांत आजच.

मी माइक सोडला नाही.

"बोर्डावरचं वाचून झालं," मी म्हटलं. "आता बोर्डावर नाही ते सांगते. माझा नवरा गोटीराम शेजवळ भित्रा होता."

साहेबांना आधी कळलंच नाही. ते हसतच होते.

"मी अंजली मॅडमना खोटं सांगितलं. ते धीराचे आहेत म्हटलं, पुढे होऊन काम करतात म्हटलं. दुखवट्याला आलेल्या माणसाला आपण असंच सांगतो. तुम्हीपण सांगता. हे पालीला भ्यायचे. दिवा गेला तर माझा पदर धरायचे. सुपरवायझरला विचारल्याशिवाय लघवीला जायचे नाहीत. तुम्ही सगळे ओळखता त्यांना. सांगा, स्वतःहून उतरतील ते?"

आणि मागून हसू आलं. टिंगलीचं नव्हतं ते. आपल्यातल्या एखाद्या माणसाची बरोबर नक्कल केली की येतं, तसं. दहा-वीस जण हसले. त्यांना हे दिसले. हेल्मेटवाले नव्हे, खरे, दारात उभे राहून "जाऊ का साहेब?" विचारणारे. मग हसू एकदम तुटलं आणि कुणी कुणाकडे बघेना.

"त्यांना पाठवलं," मी म्हटलं. "पाहुण्यांना टाकी दाखवायची होती म्हणून पाठवलं."

माइक बंद झाला होता. शेवटचं वाक्य पहिल्या चार रांगांनाच ऐकू गेलं असेल. मॅनेजर साहेबांनी दुसरा माइक घेतला. "ताई भावनावश झाल्या आहेत. आपण समजू शकतो." मग इंग्रजीत काही बोलले.

परदेशी पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एकाने डोळे पुसले.

सासूबाई खुर्चीतून उठल्या, माझ्यापर्यंत आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मेलेल्याला मारलंस गं, सगुणे." महेश कुठे दिसला नाही. आम्हाला परत न्यायला जीप नव्हती. सासूबाई एका कामगाराच्या बायकोबरोबर निघाल्या, मी अंबडहून, कंपनीच्या गेटपासून, चालत आले.

७ जून

सासूबाई चांदवडला गेल्या. देवांजवळची पुस्तिका घेऊन गेल्या. जाताना बोलल्या नाहीत. ज्या लेकराला नऊ महिने पोटात वाढवलं, ते वाघ असावं असं कुणालाही वाटेल, त्यांचं काही चुकलं नाही. पण मला मिळालं होतं ते कोकरू होतं.

महेशची ऑर्डर निघाली नाही. तो माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं की उचलून दुसऱ्या खोलीत नेतो.

दुपारी अंजली मॅडम आल्या. चप्पल काढली नाही, दारातच.

"काकू, पुस्तकं तेवढी द्या. ऑफिसच्या लायब्ररीतली आहेत."

कादंबरी अर्धी राहिली होती. दोन्ही आणून दिली.

"तुम्ही माझ्याविषयी असं बोलायला नको होतं," त्या म्हणाल्या. "मी तुमचेच शब्द लिहिले. एकही पदरचा नाही."

"स्वतःहून उतरले, हे कुणाचे शब्द?"

त्यांच्या हातातलं प्रवासवर्णन खाली पडलं. मी उचलून दिलं नाही.

"ते वरून आलं," त्या म्हणाल्या.

"हेही वरूनच गेले," मी म्हटलं, "खाली."

दार लावल्यावर वाटलं, जास्त बोलले. मग वाटलं, नाही, कमीच.

९ जून

शेजारीण सांगत होती, कंपनीला सर्टिफिकेट मिळालं. तिच्या नवऱ्याने पेढा आणला होता, वाटला सगळ्यांना कंपनीत. तिने अर्धा माझ्यासाठी ठेवला होता. मी म्हटलं, मला गोड चालत नाही.

कामाला परत लागले. दोन साड्यांचे फॉल झाले. हे असते तर सुईत दोरा ओवून द्यायला बसले असते. दोरा ओवण्यात फार हुशार होते. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

१२ जून

आज महेश बोलला. म्हणजे भांडायलाच आला. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते, तो समोर येऊन उभा राहिला.

"कंपनीतली पोरं मला काय म्हणतात माहितीये? भित्र्याचा पोरगा."

"मग काय खोटं आहे?"

"आई!"

"बस इथे. कावळे हाक."

तो बसला. कावळे हाकले नाहीत. म्हणाला, "ते भित्रे नव्हते. मला आठवतंय. कालिकेच्या यात्रेत मी मोठ्या पाळण्यात बसलो होतो, चार-पाच वर्षांचा असेन. वर गेल्यावर मी घाबरलो तर बाबांनी मला असं घट्ट धरलं होतं. असं. मला अजून आठवतंय."

मी पापड टाकायचं थांबवलं.

"तू घाबरला नव्हतास," मी म्हटलं. "तू टाळ्या वाजवत होतास. मी खाली उभी होते, मला सगळं दिसत होतं. त्यांना बसायचंच नव्हतं. तू रडलास, म्हणून बसले. पाळणा वर गेला तशी त्यांनी तुला मिठी मारली आणि तुझ्या मांडीत तोंड खुपसलं. पाळणेवाला खालून ओरडत होता, ओ काका, पोराचा जीव गुदमरेल, सोडा त्याला! खाली आल्यावर डोळे उघडायला तयार नाहीत. मी सांगितलं, उतरा, जमीन आली. तर म्हणतात, आधी तू पाय लावून दाखव."

महेश माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडातून हसू फुटलं. दाबायला गेला तर नाकातून आलं. "पाय लावून दाखव?"

"देवाशपथ. आणि मी लावला. पन्नास माणसांसमोर, जमिनीवर पाय आपटून दाखवला, बघा, पक्की आहे. तेव्हा उतरले."

तो हसत होता आणि हसता हसता त्याला रडू आलं. बाप गेल्यापासून तो पहिल्यांदा रडला. वीराचा मुलगा म्हणून त्याला रडायची सोयच नव्हती. मी पदराने पुसायला गेले तर त्याने हात झटकला आणि मग तोच हात धरून ठेवला. कावळ्यांनी दोन पापड नेले.

त्याने गच्चीच्या कठड्याकडे बघितलं. मग म्हणाला, "त्या टाकीला शिडी आहे. सरळ खाली. आत दिवा नाही, बाबांना आणायला गेलो तेव्हा मी बघितलंय."

"हं."

"त्या शिडीवर बाबा स्वतःहून पाय ठेवणार नाहीत."

"नाही."

"मग त्यांना खाली कोणी उतरवलं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी तिथे नव्हते."

"तिथे कोण होतं?"

चहा न पिणारा माणूस आणि त्याच्या दोन्ही तळहातांच्या पट्ट्या मला एकदम आठवल्या. मी मल्हारीभावजींचं नाव सांगितलं. तो उठला, जिना उतरला. खाली सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला. मी कठड्यावरून बघितलं, तो मखमलाबादच्या रस्त्याला लागला होता.